अज्जाचा कोनाडा

लिहिण्यात चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. नंतर हातातून पाटी गेली आणि बिडीची कात्री आली. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. मुलीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, तीच वापरते आहे. कुणाला दाखवायचं नाही, तरी एकदा लिहून मोकळं व्हावं म्हणते.

सोलापुरात आमच्या वस्तीच्या टोकाला दगडाची बंद पडलेली खाण होती. तिच्या कडेला दगड रचून केलेल्या खोलीत अज्जा राहायचे. कानडी बोलणारे त्यांना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. तरुणपणी ते गिरणीत होते. मागांच्या आवाजाने त्यांचा एक कान गेला. बायको वारल्यावर एक दिवस डबा घेऊन कामावर निघाले, ते गिरणीत न जाता खाणीवर येऊन बसले. तो डबा शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता. कुणाला अंगारा दिला नाही, कुणाचं भविष्य सांगितलं नाही. दिवसाला एक भाकरी खायचे. सात घरांनी वार वाटून घेतले होते. आमचा गुरुवार होता.

पैशाला ते शिवत नसत, तरी लोक ठेवायचेच. दाराशेजारच्या कोनाड्यात चाराणे, आठाणे पडलेले असत. ज्याला नड असेल त्यानं त्यातले उचलावेत, जमेल तसे परत ठेवावेत, अशी रीत पडली होती. कोनाड्यापाशी कुणी गेलं की अज्जा भिंतीकडे तोंड करून बसायचे. ठेवणारा कोण, नेणारा कोण, ते बघायचे नाहीत. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला त्यांच्या त्या पाठीचा फार आधार वाटायचा.

दुष्काळाच्या साली मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, माग बंद होता आणि घर माझ्या बिड्यांवर चाललं होतं. कारखान्यातून आठवड्याच्या बिड्यांचं तेंदूचं पान आणलं, भिजवलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी कापायचं, तर पहाटे मुलीच्या अंगावर गोवर उठला. गोवर म्हणजे देवीबाई घरी आल्या असं आमच्यात मानतात, आणि त्या असेपर्यंत घरात काही कापायचं नसतं. सासूबाईंनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"घरात बाई आल्यात. कात्री वाजवायची न्हाय."

"आत्या, पान भिजवलंय. नासंल की."

"नासू दे. पोरीपरास पान मोठं हाय व्हय तुला?"

मलाही भीती वाटतच होती. पाचव्या दिवशी मुलीचा गोवर उतरला, बाईंना दहीभात दाखवून निरोप दिला आणि मी पोतं उघडलं. सगळ्या पानांवर पांढरी बुरशी होती. कारखान्यातल्या तपासनिसाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, देव तुमच्या घरचा, पान कारखान्याचं. सोमवारी बिड्या आणा, न्हायतर कार्ड ठेवून जा." कार्ड गेलं की काम गेलं.

बाजारात तेवढं पान चौदा रुपयांना होतं. मी खाणीवर गेले. अज्जांनी पाठ केली. मी चिल्लर मोजून पदरात बांधली. बांधताना आठाण्याचं एक नाणं खाली पडलं आणि दगडावर वाजत गेलं. त्यांनी मान वळवली नाही. चार दिवस झोप जवळजवळ सोडून बिड्या वळल्या. कार्ड वाचलं. घरी कुणाला सांगितलं नाही.

मग दर गुरुवारी भाकरीखाली चाराणे न्यायचे. कधी तेही जमायचं नाही. मोठी जाऊ हसायची, "आमच्याशी बोलताना तोंड उघडत न्हाय, आन् अज्जाकडं निघाली की पाय कसे उचलत्यात बघा." मी आपली खाली बघून चालू लागायचे. पाठ दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं. फेडायला लागून वर्ष उलटलं तरी ते चौदा रुपये माझ्यापुरते सरत नव्हते.

दोन रुपये राहिले असताना अज्जांनी अंथरूण धरलं. भाकरी तशीच परत येऊ लागली. ते गेले तर फेडायचं कुणाला, याचाच मला घोर लागला. कोनाडा राहिला असता, पण ती पाठ राहिली नसती. त्या आठवड्यात शेजारणीच्या वाट्याच्याही बिड्या वळून दिल्या आणि दोन रुपये केले. गुरुवारची वाट बघितली नाही. मंगळवारीच गेले.

लोकांनी त्यांना उजेडाकडे तोंड करून निजवलं होतं, म्हणजे कोनाड्यासमोरच. कूस वळायची ताकद त्यांच्यात नव्हती. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी एक एक नाणं ठेवू लागले. तिसरं ठेवलं तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "पोरगी शाळंला जाती का?"

इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी नुसती मान हलवली, आणि मग लक्षात आलं की त्यांना ती दिसणार नाही.

"व्हय," मी म्हणाले. फार हळू म्हणाले. ऐकू आलं की नाही, देव जाणे.

मग पदराची गाठ पुरती सोडली आणि शेवटचं आठाण्याचं नाणं कोनाड्यात ठेवलं. चौदा रुपये पुरे झाले.