गंजाला हात लावू नका

अंदाजभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीवर आडवे होत. घरची माणसं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांचे फक्त पाय दिसायचे. बाकी सगळं अंग ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, नाहीतर एखाद्या अखेरच्या घटका मोजणाऱ्या जीपच्या खाली. पिशवीत एक धुतलेलं पोतं घडी करून ठेवलेलं असे. ते अंथरायचं, त्यावर पाठ टेकायची आणि सरकत सरकत आत शिरायचं. अंगातला सदरा मात्र कायम पांढरा, आणि बाहेर निघाले की त्या सदऱ्यावर एक डाग नसे. हे त्यांना कसं जमायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझा सख्खा भाऊ सुधाकर नुसता गाडीजवळून गेला तरी त्याच्या कोपराला ग्रीस लागतं.

"वरून सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतेत," भाऊ खालूनच सांगायचे. "पोट पाहा लागते."

जन्म गेला त्यांचा अहेरीकडच्या लाकूड ठेकेदाराच्या गॅरेजात. जंगलातून सागाचे ओंडके आणणाऱ्या गाड्या मोडायच्या आणि भाऊ त्या जागच्या जागी उभ्या करायचे. हेमलकशाच्या वाटेवर एकदा पावसाळ्यात अडकले ते ट्रकच्या टपावरच चार दिवस राहिले, असं सांगत. ऐकणाऱ्याप्रमाणे ते चार दिवस कधी सहाही व्हायचे. गुडघे बोलायला लागल्यावर वडशाला स्टेशनामागे दोन खोल्या घेऊन राहिले आणि जुन्या गाड्यांची, सुट्या भागांची किंमत करून द्यायला लागले. पण "किंमत" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "किंमत देनारा-घेनारा ठरवते. मी अंदाज देतो." म्हणून ते अंदाजभाऊ. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल.

त्यांची फी ठरलेली. खटारा स्कूटर असो की दहा चाकी ट्रक, तेवढीच. विक्रीवर टक्का घ्या म्हणून लोक मागे लागायचे, पण ते हात जोडत. टक्का घेतला की जीभ लांब होते, असं त्यांचं म्हणणं. आणि गाडी बघायच्या आधी कुणाकडे जेवायचे नाहीत. जेवलेल्या घरची गाडी सुंदर दिसायला लागते म्हणे. आमच्याकडेही त्यांनी आधी फक्त पाणी घेतलं. चुलीवर माशाचा रस्सा रटरटत होता आणि त्याचा वास थेट गाडीच्या पोटाखाली जात होता, तरी.

आम्ही तलावावर जाळं टाकून पोट भरणारी माणसं. त्यातून बाबा एकटे निसटले. लाकूड डेपोच्या लिलावात त्यांनी एक लांब नाकाची जुनी ट्रक घेतली. पावसाळा सोडून बांबू वाहायचे आणि हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळींचं सामान, म्हणजे पडदे, पेट्या, तंबू, बांबूंची मोळी आणि वर बसलेली कलाकार मंडळी, गावोगाव पोचवायचे. एका हंगामात मंडळींकडे भाडं द्यायला पैसे नव्हते, तर त्यांच्या पडदे रंगवणाऱ्यानं डाव्या दरवाजावर मोर काढून दिला. आईनं त्यावरून बाबांना महिनाभर ऐकवलं. मग मात्र तीच येणाऱ्याजाणाऱ्याला मोर दाखवायची.

बाबा गेल्यावर ट्रक टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. चाकं बसली, मोराचा रंग उडाला. गावानं तिचे काही भाग हळूहळू आपलेसे केले. गेल्या वर्षी सुधाकरनं मनावर घेतलं. तलावातले मासे सायकलच्या डब्यात नेता नेता निम्मे खराब व्हायचे. बर्फाच्या पेट्या टाकून थेट वडसा स्टेशन गाठायचं तर लहान पिकअप हवी होती, आणि एक जुनी पिकअप त्याच्यासाठी महिनाभर धरून ठेवायला मालक तयार होता. भंगार घेणारा कबाडी येऊन गेला. वजनावर भाव सांगितला आणि पुढल्या शुक्रवारी गॅसकटर घेऊन येतो म्हणाला. तेवढ्या पैशात पिकअपचा बोनेटही आला नसता. आणि आई म्हणाली, "विका. पन माझ्या दारात तिले कापू नका." सुधाकरला गाडी हवी, आईला ट्रक अखंड हवी, आणि हातात एक आठवडा. म्हणून मी वडशाला जाऊन भाऊंना बोलावलं. त्यांच्याकडूनच हैद्राबादच्या एका गिऱ्हाइकाचा पत्ता मिळाला, त्यांना बुधवारी यायला कळवलं. मी तिथल्याच शाळेत शिकवते.

आता जी चूक झाली ती आमच्याच गावात होऊ शकते. भाऊ दुसऱ्या दिवशी येणार म्हणून रात्री आईनं विचार मांडला, "विकाले न्याचा बैल आपन शिंगं रंगवून, तेल लावूनच नेतो ना? मंग हे काऊन असंच दाखवाचं?" पोळा होऊन आठवडा झालेला, बैलांच्या शिंगांसाठी आणलेला निळा ऑइलपेंट घरात उरलेला. सुधाकर पहाटेच ब्रश घेऊन बसला. मी झोपेतून उठून बघते तर बोनेटची एक बाजू आणि डावा दरवाजा निळाशार. मोर गायब. मलाही तेव्हा ते छानच वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाऊ आले. पोतं काढायला पिशवीत हात घातला आणि तसेच थांबले.

"थांब! थांब बापा! ब्रश खाली ठेव!"

सुधाकर हसत म्हणाला, "भाऊ, दोन तासात पूर्न नवी करून देतो."

"नवी गाडी दुकानात भेटते! ही पाहाले मानूस हैद्राबादवरून येते, थो कायच्यासाठी येते? जुना रंग, जुना गंज, जसं होतं तसं. गंजाले हात लावू नका. अरे, तू त्याचे पैसे पुसून राह्यला."

आई दारात उभी होती. "मीच सांगतलं त्याले," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला की भाऊंचा आवाज एकदम खाली आला. जवळ जाऊन त्यांनी दरवाजावर बोट टेकवलं. बोट निळं झालं. भाद्रपदाची दमट हवा, रंग अजिबात वाळला नव्हता.

"वल्ला आहे," ते म्हणाले. "बाई, रॉकेल आहे का घरी? आनि जुनं धोतर?"

मग अख्खी सकाळ आम्ही चौघं रंग पुसत बसलो. भाऊंनी पद्धत दाखवली: घासायचं नाही, चिंधी दाबायची आणि उचलायची, प्रत्येक वेळी नवा कोपरा. सुधाकर घासायला लागला की त्याच्या मनगटावर चापट बसायची. आधी मोराचा तुरा दिसला, मग मान. शेपटीपर्यंत पोचलो तर तिचा निम्मा रंग निळ्याबरोबर चिंधीला लागून आला. आई ती चिंधी हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुपारी सुट्या भागांचा पेटारा उघडला. भाऊंनी चादर अंथरली आणि तीन ढीग केले. एक चालतं त्याचा, एक दुरुस्त होईल त्याचा, आणि तिसऱ्याला ते "आठवन" म्हणत. तिसऱ्याचा अंदाज ते लिहीत नसत, घरच्यांना परत देत. बाबांचा सिगारेटच्या डब्यात ठेवलेला काजळलेला प्लग तिसऱ्यात गेला. तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन बेअरिंग निघाल्या, कंपनीतून आल्या तशा. आत नवा माल आहे हे दाखवायला सुधाकर कागद फाडणार तेवढ्यात भाऊंनी त्याचा हात धरला. "आज तुझा हात बांधूनच ठेवतो मी." बंद कागदातला भाग उघड्यापेक्षा कितीतरी महाग, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

बाकीचे भाग गावात होते. चाकाची एक हबकॅप आमच्याच कोंबड्यांचं पाणी सांभाळत होती, ती सुटली. हॉर्न किराणावाल्याकडून आणला. ब्रेकचा एक ड्रम गावच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेला. भाऊ मुद्दाम तिथे गेले, दगडानं एकदा वाजवला, मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकला आणि परत फिरले. "थो कामावर आहे. कामावरच्याले काढत नसतेत." मी विचारलं, त्यानं अंदाज कमी नाही का होणार? "होईल ना," म्हणाले. एवढंच.

गाडीखालून मग त्यांनी चेसिसचा नंबर शोधला. चिखल खरवडून त्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. एकेक आकडा पांढरा उठून दिसायला लागला. आईनं ट्रंकेतलं आरसी बुक आणलं. नंबर जुळला. इंजिनचाही जुळला. भाऊ पोत्यावर उठून बसले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

अंदाजाचा कागद ते घरातल्या मोठ्या बाईच्या हातात देत. पुरुष आधी आकडा बघतो, बाई आधी विचारते हा आला कुठून, असा त्यांचा अनुभव. आईला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यात शेवटी आकडा होता. कबाड्याच्या भावाच्या पाचपटीहून जास्त. सुधाकर जागचा उठला. पण आकड्याच्या वर एक ओळ होती: "डाव्या दरवाजावर मोर, शेपूट अर्धी. दरवाजा व बोनेटची एक बाजू मालकाच्या मुलाने आज रंगवली, आजच पुसली."

"हे कायले लिवलं भाऊ?" सुधाकर उसळला. "आता कोनाले दिसते का थे? आपल्याच हातानं आपल्या पायावर कुऱ्हाड?"

"मले दिसलं," भाऊ म्हणाले.

"तुमाले दिसलं, घेनाऱ्याले कुठी दिसते! शुक्रवार तोंडावर आहे. हा मानूस वापस गेला तर कबाडीच येते, मालूम आहे ना? आनि मायच्याच दारात कटर चालते!"

भाऊंनी कागदावरचा हात काढला नाही. मलाही त्यांचा राग आला होता, हे सांगायला हवं. आमची सगळी स्वप्नं त्या एका ओळीला टांगून हा म्हातारा शांतपणे रस्सा-भात मागत होता. आईनंच वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "राहू दे सुधाकर. रंग आपनच मारला." सुधाकरनं अर्ध्या ताटावर हात धुतला. भाऊंनी मात्र दोनदा रस्सा घेतला.

बुधवारी हैद्राबादचे गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवण्याचा नाद असलेला, कमी बोलणारा माणूस. भाऊही आले होते, पण शेडबाहेर मोहाच्या झाडाच्या सावलीत बसून राहिले, सौद्यात कधी तोंड घालायचे नाहीत. गृहस्थांनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली. मग उठले ते तडक डाव्या दरवाजाशी गेले, वाकले, मोराची अर्धी शेपूट बघितली, बोनेटची बाजू बघितली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. बाकी यादी तपासलीच नाही. तेलकट कागदही उघडून बघितले नाहीत. सुधाकरला हिंदीत म्हणाले, "जिसने ये लिखा, उसका बाकी मैं क्यों देखूँ?" आणि आकडा होता तो दिला.

सुधाकर बाहेर गेला आणि त्यानं मोहाखाली बसलेल्या भाऊंचे पाय धरले. "सोड बापा, सदरा मळते," भाऊ म्हणाले.

ट्रक मोठ्या ट्रेलरवर चढून गेली तेव्हा आई शेजारी उभी होती आणि रडली नाही. पिकअप आली. सुधाकर पहाटे बर्फाच्या पेट्या भरून वडशाला निघतो, आता शेजारच्या दोन तलावांचेही मासे त्याच्याच गाडीत जातात. मी भाऊंकडे अधूनमधून जायला लागले. त्यांचे डोळे मंदावत चालले होते. ते सांगत, मी याद्या लिहीत असे. लिहिताना काही वगळावंसं वाटलं की मला सुधाकरचा तो उसळलेला चेहरा आठवायचा, मग त्यानं धरलेले भाऊंचे पाय, आणि मी लिहून टाकायचे. हळूहळू शाळेतल्या प्रगतिपुस्तकांतही तसंच लिहायला लागले. काही पालक रागावले, काही मात्र आपण होऊन भेटायला आले.

यंदा हिवाळ्यात हैद्राबादहून फोनवर व्हिडिओ आला. ट्रक चालत होती. रंग तोच, गंज तसाच, मोर अर्धाच, आणि बाबांच्या वेळचं इंजिन धडधडत होतं. मी फोन आईच्या कानाशी धरला. तिनं स्क्रीनकडे बघितलंही नाही, डोळे मिटून ऐकलं. गाडी थोडी पुढे गेल्यावर म्हणाली, "दुसऱ्या गिअरले अजून रडते." आणि तेव्हा रडली, हसत हसत.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंकडे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं दिसत नव्हतंच. मुलगी त्यांना बल्लारपूरला घेऊन जायला आली होती, सामान बांधून झालं होतं. मला वाटलं, ऐकून खूश होतील. आई काय म्हणाली ते सांगितलं तर एकदम गंभीर झाले.

"दुसरा गिअर?"

"हो."

"मी लिवलं नाई ना थे."

"गाडी बंद होती भाऊ. तुम्हाला कसं कळणार?"

"बाईले मालूम होतं. मी इचारलं नाई बाईले." त्यांनी चाचपडत बांधलेल्या सामानावर हात फिरवला. "कागद काढ, मास्तरीनबाई. लिव्ह: दुसऱ्या गिअरमध्ये आवाज करते. जुना आवाज आहे. मालकिनीच्या सांगन्यावरून."

वर्ष झालं होतं विक्रीला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. मी लिहिलं. मुलगी दारात ऑटो थांबवून हाका मारत होती. भाऊंनी पेन मागितलं, डाव्या हातानं कागदाची कड चाचपली आणि सही केली. ती ओळ सोडून पार खालच्या कोपऱ्यात गेली. मी कागदाचा फोटो काढून तिथेच, त्यांच्यासमोर, हैद्राबादला पाठवला.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला भाऊ."

"मंग चला," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.