मावशींनी पाडलेला चर

मावशी सर्किट बोर्डांची आखणी करत. म्हणजे तांब्याच्या केसाएवढ्या वाटा कुठून कुठे जाणार, ते ठरवत. ऑफिसात सगळे त्यांना मावशीच म्हणत आणि भाच्यांइतकेच पिडत.

नव्या कॅमेऱ्याचा बोर्ड त्यांनी जीव ओतून केला. त्यात चित्र वाहून नेणाऱ्या वाटा जोडीने धावतात: एकीवर संकेत, दुसरीवर त्याचाच उलटा. दोघींची लांबी सारखी हवी. मागे राहिलेलीसाठी कुणी थांबत नाही. मावशींनी आखूड वाटेला नागमोडी वळणं देऊन लांबी चोख जुळवली. तरी पडद्यावर चित्र फाटतच होतं.

साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर आखणीचं काम बाहेर देऊ." आवाज चढवला नाही. न चढवणं हीच त्यांची ओरडण्याची पद्धत होती.

मावशींना धास्ती वाटायला हवी होती. वाटलं कुतूहल.

"लांबी पुन्हा मोजू?" तपासणीवाल्याने विचारलं. कपाळामुळे त्याला सगळे आठ्या म्हणत.

"मोजून मोजून ती काय वाढणार आहे? मला सांग, जाताना दोघी बरोबर जातात. करंट परत कुठून येतो?"

"खालच्या तांब्यातून."

"मग बोर्ड उलटा कर."

खाली अखंड तांबं असायला हवं होतं. त्याच्या मधोमध तांबं काढून टाकलेला सरळ, सुबक चर होता. मोटरसारख्या भागांचा विजेचा गोंगाट एका बाजूला, नाजूक भाग दुसऱ्या बाजूला, ही मावशींच्या गुरूंची शिकवण. त्यांच्या काळातल्या संथ बोर्डांना ती मानवली असावी. इथे वरून जोडी रुबाबात चर ओलांडत होती आणि खालून परतणाऱ्या करंटला लांबचा वळसा पडत होता.

"मावशी, हा चर कोणी पाडला?"

"कोणी म्हणजे? आखणीला माझ्याशिवाय आहे कोण इथे?"

आठ्याने चराच्या दोन्ही काठांवरचा हिरवा रंग खरवडला. मावशींनी जोडीच्या बरोबर खाली तांब्याची पट्टी डाख देऊन जोडली. कॅमेऱ्याला पडदा जोडला. चित्र स्थिर. आठ्याच्या कपाळावरची रेघ न् रेघ मोजता येत होती.

साहेब पडद्याशी वाकले. "आखणी इथेच राहू दे. पुढच्या नमुन्यात चर नको."

"पण साहेब, आधीच्या सगळ्या बोर्डांत हाच चर आहे. मग ते चालतात कसे?" मावशींनी विचारलं.

"चालतायत ना? मग हळू बोला."

तोवर मावशींनी कपाटातून जुना बोर्ड काढून उलटा केला होता.