हॅरो स्ट्रीटची निळी कड

बर्नाडेट ह्राबोव्स्कीने अडतीस वर्षे आमच्या शहरातल्या फुटपाथांच्या कडा रंगवल्या. लाल म्हणजे गाडी थांबवायची नाही, पिवळा म्हणजे माल उतरवण्यापुरते थांबा, निळा म्हणजे अपंगांची जागा. हे सारे नगरपालिकेच्या नियमपुस्तकात आहे. पण ते पुस्तक कोणी उघडत नाही, आणि बर्नीची रेषा मात्र सगळे वाचतात. मी त्याच खात्यात नकाशांच्या टेबलावर होतो. दोरी न लावता तिने मारलेली वीस फुटांची रेषा मी एकदा पट्टी लावून तपासली होती. पुन्हा तपासावी असे वाटले नाही.

गेल्या वसंतात नवा नियम आला. भाड्याच्या विजेच्या स्कूटर आणि सायकली फुटपाथवर आडव्यातिडव्या टाकायच्या नाहीत. रस्त्याच्या कडेला आखलेल्या पांढऱ्या चौकटीतच उभ्या करायच्या. चौकटींच्या जागा आम्ही नकाशावर ठरवल्या. हॅरो स्ट्रीटची चौकट बावीस नंबरच्या घरासमोर आली. तिथे एक खुर्ची आहे, हे नकाशावर दिसत नव्हते.

हिरव्या पट्ट्यांची, घडीची साधी खुर्ची. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरउतारांवर घरापुढच्या रस्त्यात खुर्ची ठेवली, की ती जागा त्या घराची. कायद्यात याला काडीचा आधार नाही. तरी दुसऱ्याची खुर्ची हलवणारा माणूस मी इथल्या पंचवीस वर्षांत पाहिलेला नाही.

ती खुर्ची स्टॅन डुबिकची होती. त्याच्या पत्नीची, आयरीनची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा रक्तशुद्धीसाठी नेणारी गाडी दारापुढे येत असे. चालक तिला पायऱ्यांवरून खाली उतरवायचा; पण गाडीची उताराची फळी नेमकी पायऱ्यांशी टेकली, तरच आयरीनची चाकांची खुर्ची आत जायची. त्या चढावर ती पन्नास फूटसुद्धा ढकलत नेणे एक्याऐंशी वर्षांच्या स्टॅनच्या आवाक्यातले नव्हते.

रंगवायला पाठवलेले दोघे कामगार न रंगवताच परतले. अहवालात त्यांनी लिहिले, ‘जागा रिकामी नव्हती.’ मग आमचा साहेब कर्टिस मॅडॉक्स बर्नीला घेऊन स्वतः निघाला. नकाशा धरायला मी.

“दोन धडधाकट माणसं एका खुर्चीला घाबरून परत येतात,” कर्टिस उतरता उतरता म्हणाला. “उचल गं ती, बर्नी.”

“तूच उचल की. साहेब तू आहेस.”

कर्टिसने खुर्चीच्या पाठीला हात लावला. तोही याच डोंगरावर वाढलेला. क्षणभराने त्याने हात काढून खिशात घातला.

“शहाणा आहेस,” बर्नी म्हणाली. “तुझ्या आईनं रविवारी जेवायला वाढलं नसतं तुला.”

स्टॅन वरच्या पायरीवर उभा होता. “मी आडवा येत नाहीये, बाबांनो. आयरीनची गाडी कुठं थांबवायची, तेवढं सांगा. चंद्रावर?”

“मिस्टर डुबिक, सोमवारी स्कूटर येतायत. तुम्ही निळ्या जागेसाठी अर्ज करा, मी जातीनं लक्ष घालतो.”

“केलाय अर्ज. चार महिने लागतील म्हणाले. आयरीन, ऐकलंस का? चार महिने दम धर!”

“धरते की,” आतून आवाज आला. “कोट घालूनच बसलेय मी.”

बर्नीने तोपर्यंत गुडघे टेकले होते. खिशातून पातळ पात्याची खरवडणी काढून तिने कडेच्या दगडावरून, खुर्चीच्या पायांना धक्का न लावता, हळूच एक पापुद्रा उचलला. मग त्याखालचा.

“हा राखाडी परवापरवाचा, जुने रंग झाकायला मारलेला. हा पिवळा बेकरीचा. पहाटे पिठाचा ट्रक यायचा, बेकरी गेली. हा लाल शेजारच्या आगीनंतरचा, माझा नव्हे. लोरेन्झोचा. तो फार पातळ करायचा रंग.”

तिने आणखी एकदा पाते फिरवले आणि बाजूला सरकली. नखाएवढ्या जागेत निळा रंग होता. आत दबून राहिल्यामुळे ताजा असावा तसा.

“हा माझा,” ती म्हणाली. “फ्रँक याब्लोन्स्कीसाठी. तुमच्या आधी इथं राहायचा, स्टॅन. पोलादाच्या कारखान्यात पाय गेला त्याचा. सत्त्याऐंशी साल, मे महिना. बावीस फूट. त्याच्या बायकोनं मला घरी भाजलेला अक्रोडाचा गोड रोल दिला होता.”

“म्हणून काय झालं?” कर्टिसने विचारले.

“नियम वाच. निळी जागा रद्द करायची तर सुनावणी लागते, लेखी हुकूम लागतो. वरून कोणी दुसरा रंग फासला म्हणून ती रद्द होत नाही. सुनावणी झाली असती तर निळा पूर्ण खरवडून काढायला मलाच पाठवलं असतं. नाही पाठवलं.”

“तू हजारो कडा रंगवल्यास, बर्नी. कागद लागेल मला.”

“मग शोधा कागद,” तिने माझ्याकडे पाहिले.

कचेरीच्या तळघरातल्या लोखंडी खणात तासाभराने तो सापडला. हॅरो स्ट्रीट, बावीस नंबर. एकोणीस मे, एकोणीसशे सत्त्याऐंशी. लांबी बावीस फूट. रद्द केल्याची नोंद कुठेही नव्हती. तो पिवळा पडलेला कागद हातात धरून मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे. आमच्या खात्यातल्या खणांत शहर ठेवलेले आहे असे मी समजत होतो. ते एका बाईच्या गुडघ्यांत आणि बोटांत होते, आणि आम्ही तिला कधी काही विचारले नव्हते.

कर्टिसने कागद दोनदा वाचला, मग सही केली. स्कूटरची चौकट कोपऱ्यावरच्या बंद दुकानापुढे गेली.

शुक्रवारी सकाळी बर्नी हॅरो स्ट्रीटवर आली. तिने घंटा वाजवली आणि स्टॅन कठडा धरत सगळ्या पायऱ्या उतरून स्वतः खुर्ची उचलेपर्यंत ब्रश हातात घेऊन थांबून राहिली. मग बावीस फूट कड तिने दोन टप्प्यांत रंगवली आणि रस्त्यावर त्याच निळ्याने जागा आखली. रेषा मारताना तिचा श्वास ऐकू येत नसे.

“तासभर कोणी पाय ठेवायचा नाही,” तिने बजावले.

एवढ्यात आयरीनची गाडी चढावर दिसली. वेळेच्या वीस मिनिटे आधी. चालकाने काच खाली केली. “ओलं आहे का हो, बाई?”

ओल्या रेषेवर पान पडले तरी बर्नी शिव्या देत असे. तिने रेषेकडे पाहिले, मग दारातल्या आयरीनकडे.

“ये, ये,” ती म्हणाली. “अगदी कडेला घे.”

चाके रेषेवरून गेली, फळी पायऱ्यांशी टेकली, आणि थोड्या वेळाने गाडी उताराला लागली. तिच्यामागे हॅरो स्ट्रीटवर निळे ठसे उमटत गेले, खाली नदीच्या वळणापर्यंत.