लेकीची सकाळची भूक

दोस्तांनो, आज सकाळी सुरतेत कंपनीच्या कँटीनमधनं निपाणीला घरी व्हिडिओ कॉल केला. पोरगी पहिलीत हाय.

"काय खाल्लंस गं?"

"च्यात बुडवून बटर."

मागनं बायको म्हणाली, "भाकरी केलीया की! पर गोड च्या पिली की हिची भूकच मरती. वर्गात पेंगती म्हणून बाईंनी बोलावलंय. मी वखारीत तंबाखूच्या कामाला जाऊ, का हिच्या मागं ताट घिऊन पळू?"

मी घरी हुतो तवा पोरगी माझ्याच हातनं दूध-भाकरी खायाची.

"पप्पा, तुझ्या ताटात काय हाय?"

"उप्पीट."

तिनं मोबाईलपुढं आ केला. "भरीव की."

मी उप्पिटाचा घास स्क्रीनपुढं धरला.

तुमच्यात च्या सोडवून लेकरांना खायला कसं लावलं, तेवढं सांगा रं.