न लागलेल्या आगीचा फोटो

सूर्यकांत पोतनीस आयुष्यात एकही डोंगर चढलेले नाहीत. बस फ्लायओव्हरवर गेली तरी ते खिडकीकडे पाठ करतात. आणि गेली सहा वर्षं हिमालयातली जंगलं आगीपासून वाचवायचा सरकारी निधी त्यांच्याच टेबलावरून जातो.

ते दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहतात. तीस वर्षांत त्यांनी फाइलींवर हजारो शेरे मारले. एकही मागे घेतला नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत. त्यांची बायको मीनाक्षी सांगते, येईल त्याला, चहा देता देता.

"आमच्या पत्रिकेवरसुद्धा शेरा मारला होता यांनी. 'जन्मवेळेचा पुरावा जोडलेला नाही.' माझे बाबा दोन दिवस जेवले नाहीत."

यावर पोतनीस, चहात साखर जास्त आहे, एवढं नोंदवतात.

यंदा मार्चमध्ये त्यांच्याकडे उत्तराखंडातून दोन अहवाल आले. दोन शेजारच्या वनक्षेत्रांचे. निधीचा दुसरा हप्ता एकतीस मार्चच्या आत सुटला नाही तर बुडतो, म्हणून घाई होती. अहवालात एक रकाना होता: 'वर्षभरात विझवलेल्या आगी.' पहिल्या रेंजरने लिहिलं होतं, एकेचाळीस. सोबत फोटो. ज्वाळा, धूर, फांद्यांनी आग झोडपणारी माणसं. पोतनीसांनी तो अहवाल एका बैठकीत मंजूर केला.

दुसऱ्या रेंजरचं नाव शंकरसिंह नेगी. त्यांनी लिहिलं होतं, शून्य. फोटोंत डोक्यावर भारे घेतलेल्या बायका होत्या आणि झाडून काढल्यासारखा एक स्वच्छ उतार.

पोतनीसांनी शेरा मारला. 'प्रगती शून्य. आग विझवल्याचे फोटो जोडावेत. तोवर दुसरा हप्ता रोखावा.' आणि समाधानाने बसस्टॉपकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी नेगींचा फोन आला.

"सर, आग लगी ही नहीं. फोटो किसका भेजूँ?"

"जो काम हुआ, उसका भेजिए."

"काम यही हुआ सर, कि नहीं लगी."

"नेगीजी, कॉलम में जो पूछा है, उसका जवाब दीजिए."

 मग नेगी म्हणाले, "तो सर, थोड़ी लगवा दूँ?"

नेगी हसले नाहीत. ते पोतनीसांना जास्त लागलं.

मग नेगींनी सगळं सांगितलं. तिथे चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं. त्यांची सुयांसारखी वाळकी पानं खाली पडतात, त्याला पिरूल म्हणतात. ठिणगी पडली की उतारच्या उतार पेटतो. साठ बायका डिसेंबरपासून ते पिरूल गोळा करत होत्या. त्यांची मजुरी याच हप्त्यातून. हप्ता अडकल्याचं कळलं तशा त्या आजपासून घरी बसल्या. एप्रिलमध्ये वारा सुटतो. खाली तीन गावं आहेत.

संध्याकाळी पोतनीसांनी हे घरी गंमत म्हणून सांगितलं. "थोडी लगवा दूँ, म्हणे! बोल आता."

मीनाक्षी मटार सोलत होती. ती सरकारी दवाखान्यात मुलांना लस टोचते.

"मग उद्या माझ्याकडूनही फोटो मागवा," ती म्हणाली. "गोवर न झालेल्या पोरांचे."

"ते वेगळं."

"काय वेगळं? एकवीस वर्षं सुया टोचतेय. प्रगती शून्य."

"तुझ्याकडे टोचलेल्यांची यादी असते."

"आणि त्याने बायकांचे फोटो पाठवले ते काय होतं? तुम्हीच सांगत होतात ना काल, 'आगीऐवजी गवत पाठवलंय' म्हणून? मोठ्याने हसलात पण."

पोतनीस जेवायला बसले. भातात मीठ कमी होतं. तेही नोंदवलं नाही.

अडचण निराळीच होती. हल्ली फाइल संगणकावर असते. एकदा सही झालेली टिपणी पुसता येत नाही. चूक कबूल करायची तर तिच्याखालीच करावी लागते, आणि मग दोन्ही जन्मभर एकमेकींखाली राहतात. शिवाय वर अवर सचिव क्षिप्रा मॅडम. वयाने पोतनीसांच्या मुलीएवढ्या. त्यांनी शेऱ्याखाली 'सहमत' लिहून सही केली होती.

दोन दिवस पोतनीस स्क्रीनकडे बघत बसले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आर्यनला त्यांची दया आली.

"सर, 'नई जानकारी के आलोक में' लिख दीजिए. सब यही लिखते हैं. इज़्ज़त बच जाएगी."

"बिल्कुल," पोतनीस म्हणाले. त्यांनी ते टाइप केलं. एकदा वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

नवी माहिती कुठे आली होती? बायका पहिल्या दिवसापासून फाइलीत होत्या.

त्यांनी ओळ खोडली. नवीन टिपणी इंग्रजीत लिहिली. तिचा अर्थ असा: 'जोडलेले फोटो मी पाहिले होते. मला ते समजले नाहीत. माझा शेरा चुकीचा आहे. हप्ता द्यावा.'

आर्यनने वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. 'मला समजले नाही' असं त्या सेक्शनमध्ये आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

तासाभरात मॅडमचं बोलावणं आलं.

"पोतनीसजी, ये क्या है? ऐसा कोई लिखता है?"

"नहीं लिखता, मैडम."

"और मेरे 'सहमत' का क्या करूँ?"

 पोतनीस उभे राहिले, भिंतीला धरून उभं राहावं तसे. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "चलिए, दोनों की इज़्ज़त गई," म्हणाल्या आणि सही केली.

फाइल वित्त विभागातून फिरून आली आणि चोवीस मार्चला हप्ता सुटला. बायका कामावर परतल्या. सगळ्या नाही. पाच जणी तोवर खाली शहरात मजुरीला गेल्या होत्या. वरच्या अंगाला पिरूल पुन्हा साठलंय, आता ते जमेल तेवढं काढू, असं नेगी फोनवर म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगायचं म्हणून.

फोन ठेवल्यावर पोतनीसांनी फाइल उघडली आणि तेही लिहिलं. बारा दिवस काम थांबले. पाच मजूर गेले. कारण: माझा शेरा.

कुणी विचारलं नव्हतं. तसा रकानाही नव्हता.