पटावरची नावं

कॉम्प्युटरला अहोजाहो करणारी व्यक्ती अख्ख्या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि ती बेंगळुरूत चामराजपेटला, मी भाड्यानं राहत होतो त्या घराच्या तळमजल्यावर राहते. त्या माझ्या घरमालकीणबाई. मूळच्या निपाणीकडच्या. लग्न होऊन इथं आल्या, नवरा गेल्यावर बसवनगुडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात लागल्या आणि तिथल्या खिडकीमागे तीस वर्षं बसल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. मी पुण्याचा, त्यातून सॉफ्टवेअर इंजिनियर, म्हणजे दुसऱ्याचं कौतुक करायचं ते हात आखडूनच. पण अक्कांच्या बाबतीत माझा हात सुटतो, त्याला इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी त्या जिना चढून वर आल्या. हातात शंभर पानी वही, कानावर पेन. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या आणि त्यांनी जाहीर केलं होतं की दोन महिन्यांत ऑफिसचं सगळं काम कॉम्प्युटरवर जाणार. परीक्षा घेतली जाईल, जमणार नाही त्यांनी खुशाल घरी बसावं. "ओ इंजिनियर, रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत बघा," अक्का म्हणाल्या. "ती खिडकीत बसूनच संपवायची हाईत मला. शिकवताय काय?" घरी बसायला त्यांच्याकडे घर होतं, पण घरात हाक मारायला कुणी नव्हतं. खिडकीशी मात्र दिवसाकाठी शंभर पोरं 'अक्का' म्हणून हाक मारून जात. हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते जिन्यातच कळलं.

मला वाटलं, आठ दिवसांचं काम. मी रोज मारतहळ्ळीच्या ऑफिसात जाऊन जी कामं करतो त्यापुढे वर्ड आणि एक्सेल म्हणजे बालवाडी. पहिल्या धड्यानंतर मी त्यांची वही पाहिली. "१. हात धुऊन पुसणे. २. चष्मा. ३. खुर्ची पुढे ओढणे. ४. बटण दाबणे. ५. ते जागे होईपर्यंत थांबणे, घाई करू नये." ते म्हणजे कॉम्प्युटर. फाइल बंद करताना 'सेव्ह करायचं का' अशी चौकट आली की अक्का मान लववून "हो, करा की" म्हणत आणि मगच बटण दाबत. एकदा काहीतरी काढून टाकताना 'तुमची खात्री आहे ना' असं पडद्यावर आलं, तेव्हा मात्र त्या दुखावल्या. तीस वर्षांत कुठल्या साहेबानं आपल्याला हे विचारलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी त्या दिवशीचा धडा तिथंच संपवला आणि मला खाली नेऊन उप्पीट खायला घातलं.

एक्सेलच्या पहिल्या घरात काहीही भरायला त्यांनी साफ नकार दिला. पहिलं घर 'श्री'चं. इंग्रजी अक्षरांत का होईना, तिथं श्री लिहिल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. मग मी नावं अक्षरानुक्रमे लावायला शिकवलं, आणि बटण दाबताच श्री वरून निघाला तो थेट श्रेयस आणि श्रीधर यांच्या मधे जाऊन बसला. मी हसत सुटलो. अक्कांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "देवानं बी शाळेत नाव घातलं म्हणायचं. सरी, चालतंय, बसू दे."

चूक खोडायला त्या कधीच तयार नसत. शाळेच्या कागदावर चूक झाली तर तिच्यावरून एक आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर शब्द लिहायचा आणि खाली सही करायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धर्म. मी त्यांना मागे जाण्याची युक्ती दाखवली, चूक झालीच नव्हती असं करून दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी कुणाचा तरी दाखला फाडलाय. मग शब्दावर आडवी रेघ कशी मारतात हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. कारण मेनू उघडला की वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचायची, अर्थ विचारायचा, वहीत उतरवायचा, हा त्यांचा नेम होता. मी बारा वर्षं याच धंद्यात आहे आणि सांगायला लाज वाटते, पण मी कुठलाही मेनू शेवटपर्यंत वाचलेला नाही. दुसऱ्या महिन्यात त्या मला विचारत ते मला येत नसे. मी "बघून सांगतो" म्हणायचो आणि त्या खाली गेल्यावर गुपचूप शोधायचो.

परीक्षेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो आणि खिडकीबाहेर उभा राहिलो. नववीच्या एका वर्गाची बेचाळीस नावं, वर्डमध्ये टाइप करून, अक्षरानुक्रमे लावून, छापून द्यायची होती. वेळ चाळीस मिनिटं. मी निर्धास्त होतो. पण आम्ही नावांच्या याद्या नेहमी एक्सेलमध्ये केल्या होत्या. वर्डमध्ये पहिलं नाव टाइप झालं आणि त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटली. दुसऱ्याखाली उमटली. अक्का थांबल्या. मग त्यांनी पहिल्या नावावर उजवी टिचकी मारली, मेनू उघडला आणि ते नाव कॉम्प्युटरच्या शब्दकोशात घातलं. रेघ गेली. मग दुसरं. प्रत्येक नाव टाइप करायचं, शब्दकोशात घालायचं, रेघ गेल्याची खात्री करायची, मग पुढचं. अर्धा तास झाला तेव्हा त्या एकोणिसाव्या नावावर होत्या.

मुख्याध्यापिका मागे येऊन उभ्या राहिल्या. "एनु माडताइद्दीरा, अक्का?" काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"स्वल्प इरी, मॅडम," जरा थांबा, असं अक्का म्हणाल्या, आणि पुढचंही कन्नडमध्येच बोलल्या. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडला कळलं ते असं. "आपल्या पटावर लाल रेघ कुणाच्या नावाखाली मारतात? नाव कमी झालेल्या पोराच्या. शाळा सोडून गेलं त्याच्या. नाहीतर..." इथं त्या थांबल्या. त्या 'नाहीतर'साठी त्यांना तीस वर्षांत दोनदा लाल पेन हातात घ्यावं लागलं होतं. "ही पोरं आता वर्गात बसून गणित करतात. यांच्या नावाखाली मी ती रेघ राहू देणार नाही. मग खुशाल मला घरी बसवा."

ती रेघ कागदावर छापून येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी खिडकीतून ओरडणारच होतो. मुख्याध्यापिकांनाही ते ठाऊक असणारच. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मुंदिन हेसरु?" पुढचं नाव? चाळीस मिनिटांच्या परीक्षेला दीड तास लागला आणि खिडकी अक्कांकडेच राहिली.

माझ्या कामात लाखो माणसांची नावं रोज इकडून तिकडे जातात. त्यातलं एकही मी कधी वाचलेलं नाही. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मला स्वतःची फार लाज वाटली आणि अक्कांचा फार अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

पुढं माझं लग्न झालं आणि मी मारतहळ्ळीलाच घर घेतलं. या मे महिन्यात अक्कांची दोन वर्षं भरली. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. त्यांच्या खुर्चीवर नव्या बाई बसल्या होत्या, कॉम्प्युटरमध्ये तरबेज, बोटं नुसती धावत होती. अक्कांनी त्यांना शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "आधी सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचा की. मग हात लावा."

बाई वाचू लागल्या. अक्का उठून बाहेर आल्या आणि खिडकीच्या या बाजूला, पोरं उभी राहतात तिथं, माझ्याजवळ उभ्या राहिल्या. एक नाव चुकलं तेव्हा त्यांनी गजांतून हळूच ते बरोबर सांगितलं. यादी संपली. आत जायचं दार दोन पावलांवर होतं, पण त्या आत गेल्या नाहीत.