रानातली एक हाक

मंडळी, आजचीच गोष्ट सांगतो.

मित्राच्या सिनेमात एक माणूस रानात एकटाच राहतो. संगीत म्हणून नुसती माझी गिटार. ती आज सकाळी चांदोलीकडच्या रानातच रेकॉर्ड केली. वाटाड्या तुकामामांनी आधीच बजावलेलं, "रानात एका हाकेला ओ द्यायची न्हाई गड्या. तीनदा आली तरच."

वाजवताना मागून हाक आली, "संजा!" मामाच असतील म्हणून मी ओ दिली.

मामा खाली गाडीपाशी होते. म्हणाले, "मी कवा हाक मारली रं?"

आत्ता कुपवाडला घरी रेकॉर्डिंग ऐकलं. गिटार आहे, वारा आहे, माझी ओ स्पष्ट आहे. हाक नाही.

मित्र म्हणतो, तेवढी ओ कापून टाकू.

कापू की. पण एकदा दिलेली ओ परत घेता येते का हो?